भरून दिलेली खाच

महिन्यापूर्वीच्या रविवारी मी कोपरच्या घरी मेथी निवडत बसलेली, तेव्हा डॉ. अमोलचा फोन आला. "सिस्टर, मॅडम गेल्या… सकाळी चहा घेता घेता." नौपाड्यात डॉ. वसुधांच्या प्लास्टिक सर्जरीच्या दवाखान्यात मी बावीस वर्षं नर्स आहे. त्या गेल्यावर जो तो त्यांच्या हाताच्या सफाईबद्दल बोलला. ती होतीच. मला मात्र त्यांचा हात चुकला त्या वेळचं सांगायचंय.

बाळकुमची मृणाल शाळेत शिकवायची. रुंद नाकपुड्या लहान करून घ्यायला आली होती. ऑपरेशन झालं, टाके निघाले, आणि दोन महिन्यांत डाव्या नाकपुडीच्या कडेची जखम भरताना आत ओढली गेली. तांदळाच्या दाण्याएवढी खाच पडली. मृणाल मास्क लावूनच वर्गात जायला लागली. आईला घेऊन आली, तेव्हा आई मला बाहेरच म्हणाली, "देवाने दिलेलं नाक काय वाईट होतं हो?" मला वाटलेलं, मॅडम म्हणतील, एकेकाची कातडीच तशी असते. बरेच डॉक्टर तेच म्हणतात, आणि ते अगदी खोटंही नसतं. मॅडमनी तिला खिडकीपाशी बसवलं, चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं… "मृणाल, टाके घालताना मी आतल्या थराला आधार कमी दिला. ही खाच माझ्यामुळे पडलीय, ती भरून द्यायची जबाबदारीही माझी. पण आत्ता हात लावला तर आणखी बिघडेल. व्रण मऊ व्हायला वर्ष लागेल. थांबशील?"

आई भांडायच्या तयारीने आलेली, तिने मृणालच्या खांद्यावर हात ठेवला. मृणाल थोडं रडली… मग म्हणाली, "थांबते."

ते वर्ष मॅडमनाच जास्त जड गेलं असावं. दर महिन्याला त्या तिला बोलवायच्या, व्रण बोटाने दाबून बघायच्या, मालीश कसं करायचं ते पुन्हा पुन्हा दाखवायच्या. वर्ष संपता संपता त्यांनी अमोलला बोलावलं. हा त्यांचाच विद्यार्थी, नुकताच अशा खोल व्रणांचं काम शिकून आलेला.

"ऑपरेशन तू करायचंस. मी मदतीला उभी राहीन."

अमोल गडबडला. "मॅडम, तुमच्यासमोर मी कसं…"

"या कामात तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. मृणालला विचारलंय मी. तिला चालेल."

साठी उलटलेल्या मॅडम त्या दिवशी कातडी बाजूला धरायचा हुक हातात घेऊन उभ्या राहिल्या. अमोलने जुना व्रण काढला, खाली चिकटलेली कातडी सोडवली, कानामागून घेतलेला छोटा तुकडा पोकळीत बसवला. आतले टाके आले तेव्हा मॅडम एवढंच म्हणाल्या, "इथे घाई करू नकोस. मी केलेली."

काही महिन्यांनी मृणाल मास्कशिवाय आली. खाच भरलेली, शोधलीच तर एक बारीक रेघ. पेढे देताना तिची आई मला म्हणाली, "बाई खरं बोलल्या, म्हणून थांबलो आम्ही." तेव्हापासून ऑपरेशनसाठी आलेल्या प्रत्येकाला मॅडम स्वतःची ही चूक आधी सांगायच्या.

आता दवाखाना अमोल बघतो. मागच्या आठवड्यात डोंबिवलीची एक मुलगी नाकासाठी आली. काय काय बिघडू शकतं ते सांगताना तो म्हणाला, "खाच पडू शकते. आमच्या मॅडमच्या हातूनही पडलेली, आणि ती त्यांनी माझ्याकडून भरून घेतली." सांगताना त्याची मान ताठ होती. मला वाटलं, मुलगी आता उठून जाईल. तिने खुर्ची पुढे ओढली. "सगळं सांगा," म्हणाली.