लाईट गेली तरी न पुसलेली नावं

"हात तर लावून दाखव," विक्रमभैय्या म्हणाला आणि मशीनला पाठ लावून उभा राहिला. समोर रिक्षावाला दत्ता. बाजूला काउंटर आणि काउंटरमागे मी, टोकनचा डबा दोन्ही हातांनी धरून.

दत्ताचं म्हणणं एवढंच होतं, की मशीनमधली नावं पुसा. विक्रमभैय्याचं म्हणणं, कावून पुसायची? मी शिरजोरीनं लावली काय, खेळून लावली. मालक अप्पा किराणा दुकानातून धावत आले. त्यांनी दोघांसाठी चहा मागवला. चहा येईपर्यंत दोघंही निघून गेले. तो चहा अप्पांनी आणि मी प्यायला. भांडण होतं तिथंच राहिलं.

हे समजायला आधी ती खोली सांगावी लागेल.

बीडच्या एसटी स्टँडजवळ अप्पांचं किराणा दुकान होतं. शेजारच्या खोलीत त्यांनी व्हिडिओ गेमची मशीनं लावली होती. त्या वर्षांत गावात एसटीडीचे पिवळे बोर्ड लागत होते, घरोघरी केबल येत होती, आणि ज्याच्याकडे रिकामी खोली होती तो काहीतरी नवं टाकायच्या विचारात होता. अप्पांनी हे टाकलं. गेमवाल्या खोलीत पोरं लई शिव्या देतात म्हणून घरच्यांचा विरोध होता. बाई समोर बसली की तोंडं आवरतील, असं अप्पांना वाटलं. म्हणून मला काउंटरवर ठेवलं. त्यांचा अंदाज निम्मा खरा ठरला. शिव्या थांबल्या नाहीत, आवाज तेवढा खाली आला.

माझं काम म्हणजे टोकन देणं, खोली झाडणं, जॉयस्टिकची स्प्रिंग बदलणं. जॉयस्टिक म्हणजे ज्या दांडीनं खेळतात ती. पोरं ती विहिरीतून बादली ओढल्यासारखी ओढत, त्यामुळे स्प्रिंग टिकत नसे. शिवाय आठवड्यातून एकदा मशीनचं मागचं दार उघडून ब्रशनं धूळ काढायची. मशीन बाहेरून मोठं दिसतं, पण ते लाकडाचं कपाट असतं. वर टीव्हीची काच, खाली एक हिरवा पत्रा. त्याला बोर्ड म्हणतात. गेम त्या बोर्डात असतो. बोर्ड बदलला की त्याच कपाटात दुसरा गेम चालू होतो.

सगळ्यात जास्त चालायचा तो विमानाचा गेम. त्याचं खरं नाव कोणालाच माहीत नव्हतं, सगळे 'इमान' म्हणायचे. क्लासची पोरं, रिक्षावाले, दोन फेऱ्यांच्या मधले ड्रायव्हर-कंडक्टर, कोर्टाची तारीख पुढं गेली म्हणून मोकळे झालेले लोक, सगळे तोच खेळत. खेळ संपल्यावर गुण चांगले झाले असतील तर मशीन नाव विचारायचं. तीन इंग्रजी अक्षरं. अशी दहा नावांची यादी काचेवर दिसायची. त्या यादीला हायस्कोर म्हणतात. माझी शाळा चौथीपर्यंत, तिथवर आम्हाला इंग्रजी नव्हतं. ती अक्षरं मी या यादीवरून शिकले. डी, ए, टी ही पहिली तीन, कारण दत्ताचं नाव कायम वर असायचं.

कायम म्हणजे लाईट जाईपर्यंत. त्या जुन्या बोर्डात ही एक खोट होती. लाईट गेली की तो सगळं विसरायचा. परत आली की यादीत कंपनीची फुटकळ नावं आणि थोडके गुण. आणि लाईट तर आमच्याकडे रोज जायची. त्यामुळे लाईट आल्याबरोबर जो आत शिरेल त्याचा पहिला नंबर ठरलेला. पंखा फिरला रे फिरला की हॉटेलातून, कट्ट्यावरून, रिक्षातून माणसं पळत सुटायची. दत्ता एकदा लिंबागणेशला निघालेल्या पाहुण्यांना रिक्षात बसवून "आलोच" म्हणाला आणि आत येऊन खेळत बसला. पाहुणे वाट बघून आत आले. मग तेही बघत उभे राहिले. स्टँडच्या त्या भागात पहिला नंबर कधीच आला नाही असा माणूस शोधावा लागला असता.

बोर्ड पुरवणारे हमीदभाई औरंगाबादहून फेरी करत. एका फेरीला ते नवा बोर्ड घेऊन आले.

"अप्पा, ये देखो. तुमारा इमानच है. कंपनीने फिरसे निकाला. रंग नया, आवाज नया."

"गेम तोच?"

"गेम वोइच. कपडे नये पिनाये."

"मग जुनंच असून जास्तीचं भाडं कावून?"

"अप्पा, तुमारी दुकान में पुराना चावल महंगा रहता की नया?"

अप्पा हसले. तांदळाचं उदाहरण त्यांना लागू पडलं. शिवाय त्यांना मागून रेटा होताच. त्यांचा मुलगा महेश रोज म्हणायचा, की समोर कोर्ट, पलीकडे कचेऱ्या, ही खोली मला झेरॉक्सला द्या. गेम बघायला लोक किती दिवस येतील, घरी केबल आहे. अप्पांनी त्याला सांगितलं, हा नवा बोर्ड चालला तर खोली गेमची, नाही चालला तर तुझी. हे बोलणं माझ्यासमोरच झालं. झेरॉक्सला बाई लागणार नव्हती, महेश स्वतः बसणार होता. त्या खोलीवर माझं घर चालत होतं.

हमीदभाईंनी बोर्ड बसवला आणि मला जवळ बोलावून दाखवलं. एका कोपऱ्यात बटणाएवढी गोल बॅटरी होती. "मावशी, इसमे याददाश्त है. अब लाईट गयी तो बी नाम नै जाते."

खरं सांगते, तो गेम सुंदर होता. आधी विमानाखाली नुसती हिरवी-निळी पट्टी सरकायची. आता खाली नदी दिसायची, पाण्यावर विमानाची सावली पडायची. "अबे, हे तर पालीच्या धरणावरून चाललंय बे!" असं कोणीतरी ओरडलं आणि मग सगळे त्याला पालीचं धरणच म्हणायला लागले. ज्यांना खेळायचं नाही तेही बघायला येत. पहिल्यांदा लाईट जाऊन आली आणि नावं जागच्या जागी दिसली, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. दत्तानं माझ्यासमोर काचेला हात जोडले. "मावशी, आता आपण अमर झालो बघा."

मलाही वाटलं, चला, खोली वाचली.

विक्रमभैय्या त्याच सुमाराला यायला लागला. त्याचे चुलते पुढारी. गावाकडे मोठी जमीन, दारात जीप. पण तो खेळायला यायचा तेव्हा रांगेत उभा राहायचा, हे सांगितलं पाहिजे. आणि त्याचा हात खरंच चांगला होता. कॉलेज सुटलेलं, काम काही नाही, दिवसभर तो मशीनपाशीच. आधी त्याचं नाव पहिल्या नंबरला लागलं. व्ही, आय, के. मग दुसऱ्याला. मग वरून खाली येत येत दहाच्या दहा जागी तीच तीन अक्षरं झाली.

जुन्या बोर्डावर हे असं झालं असतं तर संध्याकाळच्या लाईटनं निकालात काढलं असतं. आता ते जाईना.

लोकांना पहिले काही दिवस मौज वाटली. मग एक गोष्ट व्हायला लागली. माणूस टोकन घ्यायचा, खेळायचा, चांगला खेळायचा, आणि शेवटी मशीन त्याला नावच विचारायचं नाही. दहाव्या नंबरचे गुणच इतके होते की तिथवर कोणी पोचत नव्हतं. माणूस दांडी सोडून थोडा वेळ उभा राहायचा, काहीतरी राहिलंय असं वाटल्यासारखा. मग जायचा. दुसरं टोकन घ्यायचा नाही.

दत्ता म्हणाला, "मावशी, आदी कसं, हरलं तरी वाटायचं लाईट गेल्यावर बघू. आता काय बघायचं? लग्नाच्या पंगतीला गेलतो आन सगळ्या पाटावर एकच माणूस बसलेला."

लाईट आल्यावर धावणं बंद झालं. पंखा फिरायला लागायचा आणि दारात कोणी नसायचं. महेश फूटपट्टी घेऊन भिंती मोजून गेला. मी पाय उचलून घेतले, त्यानं माझ्या खुर्चीखालची जागाही मोजली.

अप्पांनी हमीदभाईंना एसटीडीवरून फोन लावला. जुना बोर्ड परत मिळेल का? तो गेवराईला लागला होता आणि जोरात चालत होता. नावं पुसायची तर बॅटरी काढा, हमीदभाई म्हणाले, दुसरा इलाज नाही. अप्पांचं धाडस होईना. दुकानाचा ओटा थोडा रस्त्यावर आलेला होता आणि भैय्याचे चुलते पुढारी होते. भैय्या त्यावरून कधी एक अक्षर बोलला नव्हता. पण अप्पांना ओटा दिसत होता.

त्या दिवसांतच दत्ता आणि भैय्या समोरासमोर आले. ते मी वर सांगितलंच.

त्यानंतर एका दुपारी खोलीत मी एकटी होते. अप्पा जेवायला गेलेले. बाहेर ऊन इतकं की स्टँडवरची कुत्रीसुद्धा बसखाली शिरलेली. विक्रमभैय्या आला, टोकन घेतलं, खेळला. बराच वेळ खेळला. खेळ संपला. मशीननं काही विचारलं नाही. त्यानं दुसरं टोकन घेतलं. पुन्हा तेच.

तो काउंटरपाशी येऊन टेकला. "मावशी, पाणी हाय का?"

मी तांब्या दिला. पाणी पिऊन तो हळूच म्हणाला, "मला बी इचारंना."

मला आधी कळलं नाही.

"नाव. मला बी इचारंना झालंय. माझ्याच दहाव्या नंबरला मी पोचंना."

चुलत्यांनी त्याला जीपमध्ये बरोबर घेऊन फिरायला सुरुवात केली होती. सत्कार, लग्नं, बैठका. दिवसभर खेळायला मिळायचं ते बंद झालं आणि हाताची सवय मोडली. यादीत खालून वरपर्यंत तोच होता, आणि त्यालाच आत जायला जागा नव्हती.

"पुसता येतं का हे?" त्यानं विचारलं.

"बॅटरी काढली की येतं."

"मग काढा की."

मी कधी उलटं बोलत नाही. पण तेव्हा तोंडातून गेलंच. "तुमीच तर म्हणलात, हात लावून दाखव."

"ते दत्ताला म्हणलो. तुमाला न्हाई." मग तो दाराकडे बघत म्हणाला, "पण मी सांगितलं असं व्हायला नको. लोकं म्हणतेल भैय्या हटला."

"मग मी काय सांगू?"

"लाईटनं गेलं म्हणा. लाईटला कोण जाब इचारतंय?"

मला भीती वाटत होती. हा आज काढा म्हणतो, उद्या चारचौघांत कोणी काढली म्हणून विचारील. माझी बाजू कोण घेणार? मी जागची उठले नाही. त्याच्या लक्षात आलं असावं. तो म्हणाला, "बॅटरी माझ्याकडं द्या. माझ्या खिशात असल्यावर मी कसा न्हाई म्हणू?"

मी मेन स्विच बंद केला, मागचं दार उघडलं, धूळ काढायच्या ब्रशच्या दांड्यानं बॅटरी उचकटली आणि त्याच्या हातात दिली. तिच्याकडे न बघता त्यानं ती शर्टाच्या खिशात टाकली आणि उन्हात निघून गेला.

अप्पा जेवून आले. काचेवर कंपनीची फुटकळ नावं.

"भैय्याची नावं कुठं गेली?"

"लाईटनं गेली. बॅटरी संपली असंल."

अप्पांनी मागचं दार उघडलं, वाकून पाहिलं. संपलेली बॅटरी जागेवर तरी असते, एवढं त्यांनाही कळत होतं. "लईच संपली म्हणायची," एवढं बोलून त्यांनी दार लावलं. पुढं कधी विचारलं नाही.

दत्ताला बातमी कोणी सांगितली माहीत नाही. अर्ध्या तासात तो आत होता. डी, ए, टी. संध्याकाळी लाईट गेली आणि आली तेव्हा मला टोकनचा डबा सांभाळून मागे सरकावं लागलं, इतके लोक एकदम शिरले. दोन दिवसांनी विक्रमभैय्या आला. सातवा नंबर लागला. दत्ता म्हणाला, "भैय्या, सातवा म्हंजी पास हाय की." सगळ्यांनी दचकून भैय्याकडे बघितलं. भैय्या म्हणाला, "टोकन घे रे माझ्या नावचं, मग दावतो तुला पास." आणि सगळे हसले.

बॅटरी नसल्यामुळे मला एक काम वाढलं. बोर्ड आता टोकनची सेटिंगही विसरायचा. लाईट आली की आधी मी आत हात घालून बारकं बटण दाबायचं, एका टोकनला एक खेळ असं ठरवून द्यायचं, मग लोकांनी खेळायचं. तेवढा वेळ सगळे माझ्या पाठीमागे "चला मावशी, चला मावशी" करत उभे.

पुढच्या फेरीला हमीदभाईंनी नवी बॅटरी काढली. फुकट बसवून देतो म्हणाले.

"राहू द्या," अप्पा म्हणाले.

"अप्पा, कंपनीने इत्ती मेहनत करके सुधारा, और तुम बिगाडके रखते?"

"रंग चांगले हायत," अप्पा म्हणाले. "रंगाचं भाडं देतो की."

त्यानंतर काही वर्षं खोली चालली. मग टीव्हीला जोडायचे गेम घरोघरी आले आणि ती झेरॉक्सची झालीच. महेशला दिवसभर एका जागी बसवेना, म्हणून तिथंही मीच बसले.

जुना खेळ नव्यानं काढून विकावा का, हे मला कोणी विचारलेलं नाही. विचारलं तर मी हो म्हणेन. त्या नदीवर पडणारी विमानाची सावली बघायला मी स्वतः काउंटर सोडून उठत असे, आणि ती जुन्या बोर्डात नव्हती. फक्त जुन्यातली खोट काढून टाकण्याआधी, तिच्यामुळे किती जणांचा नंबर लागत होता ते एकदा उभं राहून बघावं. कंपनीला ते लांबून दिसणार नाही. आम्हालाही खोली ओस पडेपर्यंत दिसलं नव्हतं.