घोंगडीवरचं ठिगळ

भूतबित मी मानत नाही, आजही नाही. संशयी मात्र आहे... भाजीवाल्याचा काटासुद्धा दोनदा बघते. म्हणून मी कुणाकुणावर संशय घेतला तेही सांगून टाकते.

दुष्काळाचं साल. वडवणीबाहेर दूध सोसायटीच्या चारा छावणीत मामा दोन म्हशी घेऊन राहायचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दर रविवारी मी त्यांना ‘वेशीचा राखणदार’ वाचून दाखवायची. कित्येक वर्षं चाललेलं कॉमिक — घोंगडी पांघरलेला, मेलेला राखणदार गाव सांभाळतो. मामी होती तोवर तीही शेजारी बसून चित्रं बघायची. ती गेल्यावर मामा म्हणायचे, "गेलेलं माणूस आपल्यावर ध्यान ठिवतंय बघ." त्यावरच तगून होते बिचारे.

आणि एका अंकात ट्विस्ट काय? इतके अंक गावातली माणसं विहिरीत ओढणारा हा राखणदारच! डोकंच फिरलं माझं. इतकी वर्षं वाचलं ते यासाठी? मामा म्हणाले, "म्हंजी समदं खोटंच की गं..." तेव्हापासून त्यांचं जेवणच तुटलं.

पुढचा अंक आला. स्टँडवरच्या स्टॉलवाल्यानं गठ्ठा माझ्यासमोर सोडला, पहिली प्रत घेऊन मी तडक छावणीत. अंक अजून पिशवीतच, तर मामा हसत म्हणतात, "त्यो राखणदार न्हवंच गं! दुसराच कुणी तसली घोंगडी पांघरून आलाय. त्याच्या घोंगडीला ठिगळ हाय, राखणदाराच्या न्हाई."

अंक उघडला. अगदी तसंच! आणि ठिगळ फक्त चित्रात, शब्दांत कुठंच नाही.

"कुणी सांगितलं?"

"तुज्या मामीनं. सकाळी आलती."

अंगावर काटा यायच्या ऐवजी माझं डोकंच तापलं. कोण थट्टा करतंय म्हाताऱ्याची? चहावाल्याला झापलं, शेजारच्या दावणीवाल्याला छेडलं, परत जाऊन स्टॉलवाल्याशी भांडले. तो म्हणाला, "ताई, गठ्ठा तुमच्याम्होरंच सोडला की!"

मग छावणीत परत येऊन मामांनाच पकडलं. "बरं, राखणदार त्या ठिगळवाल्याला काय म्हणतो ते सांगा." पानभर संवाद होते.

"ते न्हाई सांगितलं तिनं." मामा कितीतरी दिवसांनी भाकरी मोडत होते. "तिला कुठं वाचता येतंय? नुस्ती चित्रं बघून सांगितलं."

मामी आयुष्यभर अंगठाच लावत आली, हे खरं.

मला आजतागायत काही उलगडलेलं नाही. चहावाल्याची माफी मात्र मी अजून मागितलेली नाही... कोण जाणे!