डावखुरी रायफल

मुलाच्या बॅटला जवसाचं तेल लावताना मला साठच्या दशकातली जर्मनीतली एक शिकार आठवते. यांच्या डावखुऱ्या प्रोफेसरांनी स्वतःच्या मापानं घडवून घेतलेल्या रायफलच्या दस्त्याला हाच वास यायचा. "प्रयोगशाळेत स्क्रू डाव्या हातानं पिळता, मग ही तुम्हालाच जमेल," म्हणत त्यांनी ती यांना दिली. हरीण दिसलं. "नेम चुकला तर ते जखमी होऊन तळमळेल," वाटाड्या जंगलरक्षक कुजबुजला. लहानपणी डाव्या हातावर आईच्या छड्या खाल्लेल्या यांनी सवयीनं दस्ता उजव्या खांद्याला लावला. मी हळूच म्हटलं, "अहो, इथं सासूबाई नाहीत." यांनी खांदा बदलला. एकाच गोळीत हरीण जागच्या जागी पडलं. दुसऱ्या दिवशी हे डाव्या हातानं जेवायला बसले. मी पाण्याचा पेला डावीकडून यांच्या मोकळ्या उजव्या हाताशी सरकवला. आजही तो तिथंच ठेवते.