आडनाव : कोल्हापूर

जत्रेतल्या नाटकात पोरं गावची आणि बायका कोल्हापूरच्या, हा आमच्याकडचा जुना रिवाज. गावच्या बाईनं तोंडाला रंग लावला तर अब्रू जाते आणि कोल्हापूरच्या बाईनं लावला तर जत्रा रंगते, असला हा न्याय.

मीनाबाई ही अशीच कोल्हापूरची बाई. चौदा नाटकं तोंडपाठ. हिरो मध्येच वाक्य विसरला तर "तुम्ही असंच म्हणणार ना, की..." करून त्याचं वाक्य स्वतःच बोलून टाकायची. गावाला वाटायचं, काय लिहिलंय मास्तरनं. टाळ्या हिरोला.

गुलाबी हँडबिलावर सरपंचापासून पडदा ओढणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं, बापासकट, आडनावासकट. तळाला एक ओळ : स्त्री भूमिका, कु. मीना, कोल्हापूर. लग्न झालं, पोरगी सातवीत गेली, तरी हिची 'कु.' काही सुटली नाही. ही हँडबिलं मीनाबाईनं ट्रंकेत जपून ठेवलेली. एक दिवस पोरगी, संघप्रिया, ती काढून बसली.

"आई, ह्यात तू कुठं हायस?"

"ही काय, मीना."

"मीना काय, कुणीबी असतंय."

पोरीचं बोलणं मीनाबाईला लागलं. पंधरा वर्षं घसा फोडला आणि कागदावर आपण कुणीबी.

म्हणून शहाण्णव साली राधानगरीकडच्या एका गावचे गणपतराव गुरुजी तारीख ठरवायला आले, तेव्हा तिनं अट घातली. तिथं नाटक बसवणारे गुरुजीच. त्या गावात ती सलग सहा वर्षं जात होती.

"गुरुजी, औंदा पूर्ण नाव छापायचं. न्हायतर मी येत न्हाय."

"छापू की. आडनाव काय म्हणालासा?"

सहा वर्षांत त्यांनी ते विचारलंच नव्हतं. तिनं सांगितलं. गुरुजींचं पेन जरा थांबलं, मग त्यांनी लिहून घेतलं. माणूस शब्दाचा पक्का. हँडबिल आलं, त्यावर ठळक अक्षरात : सौ. मीना भाऊसो कांबळे, कोल्हापूर. मीनाबाईनं ते शेजारपाजारी दाखवलं, नवऱ्याकडनं दोनदा वाचून घेतलं आणि जत्रेला पोरीलाही बरोबर नेलं. आईचं नाव वेशीवर चिकटवलेलं तिनं बघावं म्हणून.

त्या गावात मीनाबाईचा मुक्काम पाटलांच्या घरी असायचा. पाटलांचा कृष्णात नाटकात हिरो, म्हणून त्याची आई धोंडुबाई मीनाबाईला थट्टेनं सूनबाई म्हणायची. चुलीपुढं पाट मांडून जेवायला घालायची, निघताना ओटी भरायची. पोरीला मीनाबाई एसटीत हेच सांगत होती, "बघ तू, कशी माया करत्यात."

यंदा गुरुजींनी दोघींना थेट शाळेत नेलं. बरोबर शालूबाई होती, म्हातारीच्या भूमिका करणारी. दुपारी कृष्णात आला आणि म्हणाला, "शालूबाई, आईनं जेवायला बोलावलंय." मीनाबाई पण उठली. तसा तो जमिनीकडं बघत म्हणाला, "तुमचं हितंच पाठवतोय. घरात पावणं लई हाईत."

पावणे काय, दरवर्षीच असायचे. जत्रा होती, मर्तिक नव्हे.

जेवण आलं. मटण, पांढरा रस्सा, भाकरी, काही म्हणून कमी नव्हतं. उलट दरवर्षीपेक्षा जास्तच. फक्त ताट नव्हतं. दोन पत्रावळ्या, द्रोण आणि प्लास्टिकचे दोन ग्लास. खाऊन फेकून द्यायचं, घासायची भानगड नाही.

संघप्रिया पत्रावळीकडं बघत राहिली. "आई, शालूमावशीला आत बोलावलं. आपल्याला का न्हाय?"

"नाव छापलंय न्हवं आपलं," मीनाबाई म्हणाली. "जेव तू."

रात्री नाटक झालं. शेवटच्या अंकात शालूबाई, म्हणजे नाटकातली सासू, सुनेला उराशी धरून म्हणते, "पोरी, आजपासून ह्या घरची चूल तुझी." त्यावर मीनाबाईला रडायचं होतं. ती अशी रडली की दरवर्षी वाक्य विसरणारा कृष्णात त्या दिवशी आठवत असलेलं वाक्यही बोलला नाही. पुढच्या रांगेत धोंडुबाई पदरानं डोळे पुसत होती. खोटं कशाला बोला, बाई मनापासून रडत होती. चूल लाकडाची, रंगवलेली होती ना.

पुढच्या वर्षी गुरुजी परत आले.

"येते की," मीनाबाई म्हणाली. "नाव तसंच छापा. जेवायचा डबा मी घरनं आणते."

"डबा कशाला? आमच्यात जेवणाची सोय हाय की."

"कुठं? आत, का शाळंत?"

गुरुजींनी चष्मा पुसला. चहा मात्र सगळा प्याले, आणि तारीख न ठरवताच गेले.

मीनाबाई दोन हजार चारपर्यंत बाकीच्या गावांत कामं करत राहिली. कुठंही गेली तरी डबा बरोबर. विचारलं तर म्हणायची, पोटाला पथ्य हाय. मग गावोगाव ऑर्केस्ट्रा आले आणि नाटकंच बंद झाली. ट्रंकेतल्या त्या ढिगात तिचं पूर्ण नाव असलेलं हँडबिल एकच. कारण गुरुजी तसे गेल्यावर तिनं पुन्हा कुणाला अट घातली नाही.

त्या हँडबिलाखाली अजून एक आहे. त्याच गावचं, सत्त्याण्णवचं, शालूबाईनं आणून दिलेलं. शालूबाईबरोबर त्या वर्षी गुरुजींनी कुठलीशी नवी पोरगी नेली होती. पडदा ओढणाऱ्याचं नाव बापासकट आहे. तळाला ओळ आहे : स्त्री भूमिका, कोल्हापूर.

'कु.' गेली, मीना गेली. पुन्हा कुणाला आडनाव विचारायची वेळच यायला नको, म्हणून गावानं तेवढी काळजी घेतली होती.