क्लेमेंटीन मावशीची कोमट बाटली

गिरीजच्या केळीच्या वाड्या मागे पडल्या आणि वसईचा रस्ता उन्हात आला, तेव्हा क्लेमेंटीन मावशीने खांद्यावरची कापडी पिशवी माझ्याकडे दिली. रिक्षावाल्यांचा संप होता. अर्धी वाट चालून झाली होती, अर्धी उरली होती. पिशवीत आमच्या आळीच्या विहिरीच्या पाण्याची बाटली होती, ती वसईच्या प्रयोगशाळेत तपासायला द्यायची होती. मी पिशवी पोटाशी धरली आणि थांबले. बाटली कोमट लागत होती.

"मावशी, पाणी कुठलं भरलंस?"

"कुठलं म्हणजे? आपल्या विहिरीचं."

"मग गरम कसं?"

"उकळलं ना मी. गाळलं पण, दोनदा. बाटली आधी साबणाने घासून घेतली." माझं तोंड बघून ती चिडली. "लतिका, परक्या माणसाच्या हातात काय कच्चं पाणी द्यायचं? लाज आहे की नाही आपल्याला?"

प्रयोगशाळेने निर्जंतुक करून, तोंडाला कागद बांधून दिलेली बाटली मावशीने भांड्याच्या साबणाने घासली होती. स्वच्छतेत तिचा हात धरणारं कोणी नाही.

क्लेमेंटीन मावशी म्हणजे आमच्या आळीचं पाणीपुरवठा खातं. विहीर तिच्या बाबाने खणलेली. कट्ट्यावर क्रूस आणि त्याखाली त्याचं नाव कोरलेलं आहे. पंपाचं बटण मावशीच्या स्वयंपाकघरात, मसाल्याच्या डब्यांशेजारी. नवरा गेला, मुलगे परदेशी गेले, बटण राहिलं. पहाटे रोझरी म्हणून झाली की ती बटण दाबते, आळीतल्या घरांना आणि आमच्या तीन मजली इमारतीला पाणी येतं, मग ती चर्चमध्ये मिस्साला जाते. पाण्याचे पैसे कोणी विचारले की म्हणते, "पाणी काय मी केलं?" पंप जळाला तर दुरुस्त करायला मात्र देव येत नाही, तीच धावते.

दरवर्षी कचेरीतून एक साहेब नमुना न्यायला यायचे. मावशी त्यांना ओट्यावर बसवायची, कोकम सरबत द्यायची, ऊन फार आहे म्हणून उठू द्यायची नाही आणि बाटली आतून स्वतः भरून आणायची. साहेबांनी विहीर कधी पाहिली का, मला माहीत नाही. सरबत छान असतं, एवढं त्यांना नक्की माहीत होतं. दरवर्षी अहवाल यायचा, पाणी पिण्यास योग्य. तो अहवाल आमच्या इमारतीचा सेक्रेटरी व्हिव्हियन काचेच्या चौकटीत घालून जिन्याजवळ लावायचा, एका बाजूला गणपती, दुसऱ्या बाजूला मारियामाता. दोघांचंही लक्ष राहावं म्हणून असेल.

व्हिव्हियनचं कामच चोख. गच्चीवरच्या टाकीवर 'टाकी साफ केली' अशी तारीख तो दर मे महिन्यात नव्या रंगाने लिहितो. रंगाचा वास आला की काम झालं. झाकण उघडून बघण्याइतका अविश्वास त्याने टाकीवर कधी दाखवला नाही. आमच्या इमारतीचा सेप्टिक टँक विहिरीच्या अगदी कुशीत बांधलाय, तोही बिल्डरवरच्या अशाच विश्वासाने. आणि आम्ही सुशिक्षित माणसं! घरोघरी पाणी शुद्ध करायचं मशीन लावून मोकळे झालो. माझ्याकडे तर देवाला विहिरीचं पाणी आणि माणसांना मशीनचं. यात मान कोणाला दिला, ते मी देवाला विचारलेलं नाही.

मशीन नव्हतं ते तळमजल्यावरच्या शत्रुघ्नकडे. श्रावणात त्याच्या अनुष्काचे डोळे पिवळे झाले. पोर हॉस्पिटलात पडली, तरी व्हिव्हियनने चौकटीकडे बोट दाखवलं. "रिपोर्ट ओके आहे. बाहेर पाणीपुरी खाल्ली असेल." पोरीने पाणीपुरी खाल्ली नव्हती. तेव्हा मी ठरवलं, यंदा साहेबांची वाट बघायची नाही. प्रयोगशाळेतून बाटल्या आणल्या, एक जादा. वाटेत लोक सांडतात म्हणून तिथल्या बाईने दोन दिल्या. उकळतात हे तिलाही सुचलं नसावं.

आता मी रस्त्यातच विचारलं, "मावशी, तू घरी कुठलं पितेस?"

"उकळलेलं. तुमची बिल्डिंग उभी राहिली आणि पाण्याचा वास बदलला, तेव्हापासून."

"आणि सांगितलं नाहीस कोणाला?"

"काय सांगू? बाबाची विहीर वाईट झाली म्हणू?" तिचा आवाज चढला. "माझ्या आजोळी एका विहिरीवर लाल बोर्ड लावला, पाणी बाद. महिन्याभरात लोकांनी तिच्यात करवंट्या टाकल्या, गाद्या टाकल्या. मेलेलं मांजर टाकलं गो! आता तिथे विहीर होती म्हणून कोण सांगणार नाय. माझ्या घरात जो आला त्याला मी उकळूनच दिलं. विचार कोणालाही."

"अनुष्का तुझ्या घरात पाणी प्यायला येत नव्हती, मावशी. नळाचं पीत होती."

मावशीने पदराने तोंड पुसलं, क्रूसाची खूण केली. मग माझ्या हातातल्या पिशवीतून बाटली घेतली, झाकण उघडलं आणि सगळं पाणी रस्त्याकडेच्या एका केळीच्या बुंध्याशी ओतलं. अख्ख्या वसईत त्या दिवशी इतकं शुद्ध पाणी दुसऱ्या कोणाला मिळालं नसेल.

"चल मागे," ती म्हणाली.

घरी पोचेपर्यंत आम्ही दोघी घामाने भिजलो होतो. दुसरी बाटली मी पिशवीतून काढली, तर हिचा हात साबणाकडे गेलाच.

"मावशी!"

"बाहेरून आणलेली वस्तू न धुता वापरायची? बरं बाई, तुझंच खरं."

विहिरीजवळच्या नळाचं तोंड मी मेणबत्तीने शेकलं, मेणबत्ती तिच्या आल्तारावरची, मारियामातेपुढली. पाणी थोडं वाहू दिलं आणि बाटली भरली. मावशीने ती उजेडात धरली.

"बघ, किती नितळ दिसतं."

"व्हिव्हियनची तारीखपण छान दिसते."

ती हसली, पण ओठांनीच. मग आत जाऊन तिने पंपाचं बटण बंद केलं आणि कट्ट्यावर येऊन बसली. बाबाच्या नावावर तळवा ठेवला, ताप बघतात तसा.

"वाईटच येणार ना गो?"

"येईल. व्हिव्हियनला मी सोडत नाही. आधी तो सेप्टिक टँक हलवायला लावते, मग बघू."

"तो तारीख लिहील त्याच्यावर पण."

बाटली बर्फाच्या डब्यात ठेवून मी पुन्हा वसईच्या वाटेला लागले. फाटकाशी पोचले तशी तिने हाक मारली.

"लतिका, ऐक. साहेब येऊन लाल बोर्ड लावायच्या आधी तू लिही. तुझं अक्षर मराठी शाळेतलं आहे, गोल. पाणी पिऊ नये, हे मोठं लिही, शत्रुघ्नला त्याच्या दारातून दिसलं पाहिजे. पण 'बाद' लिहू नको. विहीर आजारी आहे, असं लिही. आजारी माणसाच्या अंगावर कोणी कचरा टाकत नाय. लिहिशील ना?"