मामांनी ऐकलेली गिअरबॉक्स

गाडीतल्या लाल-पिवळ्या दिव्यांवर माझ्या सासऱ्यांचा जेवढा अविश्वास होता, तेवढा आमच्या जिल्ह्यात पुढाऱ्यांवरही कुणाचा नसेल. मी त्यांना मामा म्हणतो. नळदुर्गचे हे मामा उभी हयात बस चालवून निवृत्त झाले, पण त्यांचे कान कामावरच राहिले. आम्ही धाराशिवहून गेलो की आधी गाडीची विचारपूस व्हायची, मग लेकीची, आणि चहा येईपर्यंत वेळ उरला तर माझी. मला इंजिन चालू ठेवायला लावून ते लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवत, मूठ कानाला लावत आणि डोळे मिटून उभे राहत. त्या वेळी गल्लीत कुणी खोकलेलं त्यांना खपत नसे. मेव्हण्याच्या लग्नाला निघताना एकदा पिवळा दिवा लागला आणि मला घाम फुटला. मामांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, पेट्रोलच्या टाकीचं सैल राहिलेलं झाकण घट्ट पिळलं आणि म्हणाले, "चला, अक्षता चुकतील." दोन दिवसांनी दिवा आपोआप विझला. "दिवा नुस्ता वरडतो, जावईबापू. काय दुखायलंय ते गाडीच सांगती, ऐकून घ्यावं लागतंय."

गाडीला चौदावं वर्ष लागलं तेव्हाची गोष्ट. मामांना घेऊन माकणीला बारशाला चाललो होतो. दुसरा गिअर टाकला की खरखर व्हायची, त्यात तो पिवळा दिवाही पुन्हा लागला. मामांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. "गिअरबॉक्स कोरडी पडायलीय. तेल कुठंतरी गळायलंय. जरा खाली वाकून बघा की." मी वाकलो नाही. अंगात पांढरा शर्ट होता, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या कानांचा मला कंटाळाही आला होता. पुढच्या आठवड्यात मी गाडी सोलापूरला एका वर्कशॉपमध्ये नेली. त्यांनी यंत्र जोडलं, कुठलासा सेन्सर बदलला, दिवा गेला. खरखर थोडी राहिली होती, पण मी रेडिओचा आवाज वाढवला.

नळदुर्गला गेलो तेव्हा ओसरीवर चार पाहुणे बसले होते. मामा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उठले तसा मी हसत म्हणालो, "राहू द्या मामा, आता कॉम्प्युटर सांगतो सगळं." पाहुणेही हसले. मामा म्हणाले, "व्हय, ते बी बरुबर हाय," आणि परत बसले.

तीन महिन्यांनी सोलापूरच्या रस्त्यावर एका ढाब्यापुढं गाडी मोठा आवाज करून थांबली. मेकॅनिक खाली शिरला आणि काळे हात घेऊन बाहेर आला. सील फाटून सगळं तेल वाहून गेलं होतं, आतले दाते झिजून संपले होते. मामांना कळलंच. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "तेल व्हतं का हो आत?"

"होतं मामा. गाडीच जुनी झाली होती," मी म्हणालो. असं का म्हणालो, ते आजही नीट सांगता येत नाही.

मामा म्हणाले, "मग आमचेच कान गेले म्हणायचे."

त्यानंतर त्यांनी कुणाच्याच गाडीला कान लावला नाही. शेजारचे लोक बोलवायला आले, तर "आता कळत न्हाय मला" म्हणून परत पाठवायचे. बायकोला वाटलं, वय झालं. मी मान डोलावली. खरं सांगायचं ठरवून मी तीन-चारदा नळदुर्गला गेलो आणि जेवून परत आलो.

यंदा दिवाळीत शेवटी सांगितलं. मधल्या काळात मामांना खरंच ऐकू येईनासं झालं होतं. मी त्यांच्या शेजारी बसलो, कानाजवळ तोंड नेलं आणि मोठ्यानं म्हणालो, "मामा, तेल नव्हतं! तुमचंच बरोबर होतं! मी खोटं बोललो!" घरातले सगळे वळून बघायला लागले. मामांनी माझ्या तोंडाकडं बराच वेळ निरखून पाहिलं, मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"च्या व्हय?" ते म्हणाले. "टाकायला सांगतो की. वरडताव कशाला?"