विहिरीवरची बाभूळ

मंगरूळपीरच्या बाजारात शिखरचंदचं कापडाचं दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की अर्ध्या फळ्या लावून तो लोडाला टेकायचा आणि कापडाच्या ताग्यांना गुंडाळून आलेल्या जाड कागदावर गोष्टी लिहायचा. जांभळी शाई, बोरू कापावा तशी घासून घेतलेली निब. गोष्ट संपेपर्यंत पात्रांना नावं द्यायची नाहीत, हा त्याचा नेम. आणि बहुतेक गोष्टींत कोणीतरी मरायचं.

"मुंगी मरू नये म्हनून खाली पाहून चालता, अन् कागदावर मानसं मारता," बायको कंचनबाई म्हणायची. पण ऐकायची तीच. ती डाळ निवडत बसे आणि हा वाचे. तिचा हात सुपावर थांबला की याला गोष्ट जमली असं वाटे. कोणी नुसतं 'छान' म्हटलं तर त्याचा दिवस खराब जायचा. चूक दाखवली तर मात्र आठवडाभर खुशीत.

चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीत अकोल्याच्या एका साप्ताहिकानं त्याची पहिली गोष्ट छापली. शेताच्या हिश्श्यासाठी एक दीर आपल्या विधवा भावजयीला विहिरीत ढकलतो, अशी. सगळी मनानं रचलेली. आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. खाली नाव नव्हतं, शिक्का जवळच्याच मालेगावचा.

"गोष्ट वाचली. बाकी बरोबर आहे. विहिरीवर चिंच नव्हती, बाभूळ होती."

शिखरचंद हरखून गेला. "पाह्य, असा वाचक पाह्यजे!" कंचनबाईनं कार्ड दोनदा वाचलं. "होती म्हनजे?" तिनं विचारलं. त्यानं लक्ष दिलं नाही.

दुसरं कार्ड आलं. "बाई ओरडली नव्हती. तुम्ही उगाच ओरडवली."

त्या दुपारी त्याला लिहिता आलं नाही. तिसऱ्या कार्डावर एकच ओळ होती. "तिथं आम्ही तिघंच होतो, मग तुम्हाला कोणी सांगितलं?"

त्याच आठवड्यात धोतर-टोपीतला एक उंच गडी दुकानात येऊन बसला. मालेगावकडचा जानराव. त्यानं कापड मागितलं नाही.

"आमची वयनी पाय घसरून इहिरीत पडली. सारा गाव हेच सांगते," तो शांतपणे म्हणाला. "मंग तुमाले ढकलल्याचं कोनं सांगतलं?"

"कोनीच नाही, भाऊ. मनानं लिवलं."

"मनानं?" जानराव हसला. "ती, मी अन् माही बायको. ती तर गेली. मी बोललो नाही. मंग रायली गोजरा."

"मी तुमच्या बायकोले पाह्यलंबी नाही! महावीराची आन!"

"बरं," म्हणून जानराव उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसनं शिखरचंद मालेगावला गेला आणि विचारत विचारत जानरावच्या खेड्यात पोचला. जानराव शेतात होता. अंगणात गोजराबाई ज्वारी पाखडत होती. त्यानं दारातूनच सगळं सांगितलं आणि हात जोडले, "बाई, आजच माहेरी चालल्या जा."

तिचं सूप हातातच राहिलं. "मी तोंड उघडलं नोतं, शेठ," ती म्हणाली. "तीन वर्सं झाली. तुमी कायले लिवलं?"

त्यानं पुन्हा माहेरचंच सांगितलं.

"दोन लेकरं घेऊन कुठी जाऊ? भाऊ ठेवत नाही. तुमी जा. त्यानं तुमाले अठी पाह्यलं तं आजच मारन."

तिनं दार लावून घेतलं. शिखरचंद तिथूनच फौजदाराकडे गेला. तिन्ही कार्डं आणि दिवाळी अंक त्याच्या पुढ्यात ठेवला. फौजदारानं गोष्ट पूर्ण वाचली, मान डोलावली. "लिहिता मस्त, शेठ. ही कार्डं तुमचीच पुढची गोष्ट दिसते. यावर नाव कुठे आहे?"

होळीच्या आधी जानराव पुन्हा दुकानात आला. या वेळी गोजराबाई मागं होती. शिखरचंदचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. ती डोक्यावरचा पदर सावरत खाली बसली, आणि त्यानं विचारलं, "काय दाखवू, बाई?" तर तिनं नुसतं एका हिरव्या लुगड्याकडं बोट केलं.

"तिचं बोलनं बंद झालं," जानराव म्हणाला. "दिवाळी झाल्यावर काई दिवसानं. डाक्टरले दाखवलं. तो म्हन्ते भेव घेतलं."

शिखरचंदनं लुगडं उलगडलं. गोजराबाईनं एकदा वर पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, विनवणीही नव्हती. ती फक्त बघत होती, त्याला काय काय माहीत आहे ते.

पुडकं बांधून झालं. जानरावनं ते काखेत मारलं आणि पायरीवर थांबून विचारलं, "नवं काई लिवून राह्यले का, शेठ?"

"नाही."

"लिवा ना. मले वाचाले लय आवडते."

दोघं बस स्टँडकडं निघून गेली, तो पुढं, ती चार पावलं मागं. आतल्या दारात उभी असलेली कंचनबाई सगळं ऐकत होती. तिनं दौतीचं बूच घट्ट लावलं, आणि दुपार व्हायच्या आतच दुकानाच्या सगळ्या फळ्या लावून घेतल्या.